आसराचा पदर

"उठली! माय उठली!"

धाकट्या चेल्यानं आरोळी ठोकली आणि घाटावर दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर सरसरून काटा आला. का येऊ नये? आभाळ कोरं करकरीत, ऊन असं की डोकं तापावं, ढगाचा ठिपकाही नाही. आणि वाकी नदीचं पाणी मात्र पायरी-पायरीनं वर चढत होतं! मधल्या पायरीवर दगडात कोरलेल्या पादुका होत्या. पाणी आधी त्यांच्या अंगठ्याला लागलं, मग टाचेला, आणि बघता बघता पादुका बुडाल्या. बायांनी हात जोडले. देऊळघाटहून आलेल्या एका म्हातारबुवांनी तिथंच लोटांगण घातलं आणि ओल्या पायरीवरून घसरून थेट आसरामायच्या भेटीलाच निघाले होते. शेजारच्यानं धोतराला धरून मागं ओढलं म्हणून वाचले.

पादुकांच्या वरच्या अंगाला, मांडवात, व्याघ्रचर्माच्या छापील चादरीवर जलधारी महाराज बसले होते. दाढी छातीपर्यंत, आवाज थेट पोटातून.

"देख बच्चा, देख! सात बहिणी आसरा. सातींतली धाकली माझी लेक. हाक मारली का धावत येते, बापाचे पाय धरते, परत जाते. गाव बुडवते का? नाही बुडवत. काऊन नाही बुडवत? कारण तुम्ही तिले पदर दिला! ज्यानं पदर दिला त्याले तारीन, ज्यानं मनात पाप ठेवलं त्याच्या दारात जाईन. हे मी नाही बोलत, बच्चा. तीच माझ्या तोंडातून बोलून राह्यली."

शेवटचं वाक्य महाराजांनी एक डोळा किलकिला करून, नदीच्या वरच्या वळणाकडं बघत म्हटलं. झालं, सगळ्या माना तिकडं वळल्या.

वळणावर जनकाबाईचं घर होतं, घाटापासून हाकेच्या अंतरावर. जनकाबाई अंगणात गाईचं दावं धरून उभी होती आणि तिच्या पायाशी पाणी आलं होतं. गोठ्याचा खांब ओला झाला, चुलीजवळच्या गोवऱ्या ओल्या झाल्या. तिला त्या पाण्याची तेवढी भीती नव्हती. पाणी घटका दोन घटकांनी उतरायचं. पण घाटावरून वळलेल्या त्या माना! चाळीस वर्षं ज्यांच्या लग्नाबारशाला ती राबली, त्यांच्या माना होत्या त्या. बाईनं गाय आत घेतली आणि दार लोटून घेतलं. आणखी काय करणार?

करंजवाकी हे धाडच्या बाजाराला जोडलेलं लहानसं गाव. नदीकाठी आसरांचे सात शेंदरी दगड पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाळंतीण उठली की तिथं हिरवं खणाचं कापड वाहायचं, नारळ फोडायचा, घरी यायचं. एवढाच रिवाज, कुणाला त्याचा त्रास नव्हता. यंदा चैत्रात हे जलधारी महाराज कुठूनसे आले आणि त्यांना म्हणे दृष्टांत झाला, की आसरा उघडी आहे. तिला खण नको, लुगडं पाहिजे. गावातल्या प्रत्येक घराचं.

मग घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं दोन्ही काठांवर करंज अन् जांभळीची जुनी झाडं आहेत आणि नदीच्या मधोमध झुडपांचं बेट आहे, तिथं या काठापासून बेटापर्यंत आणि बेटापासून त्या काठापर्यंत दोर ताणले गेले. एकामागं एक, रांगाच्या रांगा. त्यावर हिरवी लुगडी. आणि महाराजांचा नियम कडक: पदर पाण्यात बुडालाच पाहिजे! वर फडकून चालणार नाही. म्हणून प्रत्येक पदराला दगड बांधायचा, म्हणजे माय पदर सोडत नाही. वर पानांसकट उंबराच्या फांद्यांची तोरणं. दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. लावला तर निर्वंश.

लोकांनी बांधली हो लुगडी! चढाओढीनं बांधली. शेजारणीच्या पदराला एक दगड तर माझ्या पदराला दोन.

श्रावणाच्या सुरुवातीला नदीला पहिला मोठा लोंढा आला आणि पाणी पादुकांना लागलं. असं कधीच झालं नव्हतं. याहून मोठे लोंढे गावानं पाहिले होते, पण पादुका कोरड्याच राहत. गाव खुळावलं. त्यात महाराज आधीच सांगायचे, "आज दुपारी माय येते." आणि यायची! वरच्या गावचं तळं सांडलं की नदीला पाणी यायला तीन-चार तास लागतात आणि महाराजांचा एक चेला त्या तळ्यावर मोबाईल घेऊन बसलेला असतो, हे कुणी विचारलंच नाही. विचारेल कोण? पादुका बुडताना माणूस विचारतो का काही? जीपा भरभरून माणसं येऊ लागली, पार देऊळगाव राजाहून.

पण त्याच लोंढ्यानं पहिल्यांदाच जनकाबाईच्या अंगणात पाणी शिरलं. आता चमत्कार म्हटला की एक पापी लागतोच. पाणी पादुकांना लागलं हे पुण्य, तर मग अंगणात शिरलं हे काय? महाराजांना उत्तर द्यावं लागलं आणि त्यांनी दिलं. त्या बाईच्या मनात खोट आहे. तिनं पदर दिला, पण जुना दिला.

खरंच, जनकाबाईनं जुनंच लुगडं दिलं होतं. ती घाबरली. दुसऱ्या दिवशी नवी साडी बांधली, तिला मोठा दगड लावला. पुढच्या लोंढ्याला पाणी गोठ्यात शिरलं. मग तिनं पेटी उघडली. तळाशी लग्नातला हिरवा शालू होता. नवरा पंजाबराव जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यानं तो शालू जालन्याहून आणला होता. त्या शालूवर तोंड ठेवून ती बराच वेळ बसली, मग उठली आणि तोही दोरावर घातला, सगळ्यात जड दगड बांधून. पुढच्या लोंढ्याला पाणी तिच्या चुलीत आलं.

ज्यानं सगळं दिलं त्याच्याच घरात नदी घुसते, मग पाप केवढं असेल! गावानं हिशेब केला आणि बोलणं सोडलं. पूर्वी सकाळी जनकाबाईच्या ओसरीवर ताकासाठी तांब्यांची रांग लागायची. आता ती ताक करायची, मडकं ओसरीवर ठेवायची, वाट बघायची आणि संध्याकाळी गाईच्या आंबोणात ओतायची. शेजारची पुष्पाबाई, जिच्याशी एका दिवसाआड भांडण आणि रोज एका ताटात जेवण, तीही मागच्या दारानं ये-जा करू लागली. आठ-आठ दिवस जनकाबाईच्या कानावर माणसाचा शब्द पडत नसे. मग ती गाईशी बोलायची, तेही हळू, कुणी ऐकलं तर म्हणतील मंत्र म्हणते.

पितृपक्ष लागला तेव्हा नारायणराव दारात आले. माजी सरपंच, भला माणूस, पण महाराजांच्या शब्दाबाहेर नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"जनकाबाई, घट बसायच्या आधी तुमी लेकीकडं, वैष्णवीकडं जाऊन राहा. नाशकाले. गावाचा इचार हाय हा."

"माह्यं घर हाय, भाऊ."

"घराले कोनी हात लावत नाई. पन तुमी इथं हाय तोवर माय कोपून राह्यते. उद्या पानी बाकीच्यांच्या घरात शिरलं तं?"

"मी काय केलं, भाऊ? एवढं तं सांगा."

नारायणरावांनी खाली बघितलं. "थे मले काय मालूम. तुमालेच मालूम असन."

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, ये ना इकडे. राहू दे ते घर." लेकीचं चुकलं नाही. पण तिच्या त्या दोन खोल्यांत जनकाबाईला फक्त झोपायला जागा होती. या घराचा दगड न् दगड तिनं आणि पंजाबरावानं डोक्यावर वाहिला होता. आणि याहून वाईट म्हणजे तिला आता स्वतःबद्दलच शंका यायला लागली होती. एवढं मोठं गाव म्हणतं, नदी म्हणते, म्हणजे आपल्या हातून काहीतरी झालंच असेल. काय झालं असेल? रात्रंदिवस ती तेच शोधायची. सासूला एकदा उलटून बोलले होते, ते असेल का? आता सांगा, असलं दुःख वैऱ्याला तरी यावं का?

अशात एका सकाळी ओसरीवर तांब्या वाजला.

"मावशी, ताक मिळेल का?"

नवी बदलून आलेली मास्तरीण होती, समता. माहेर चिखलीकडचं, शाळेजवळ खोली घेऊन राहायची. गावातली एक बाई वाटेत तिला म्हणाली होती, "त्या घरचं नोका घेऊ वं मॅडम." समतानं म्हटलं होतं, "काऊन, आंबट असते का?"

जनकाबाईनं मडक्यावरचं झाकण काढलं. तिनं तांब्या काठोकाठ भरला, वर लोण्याचा गोळा टाकला आणि एकदम पदरात तोंड घालून रडायला लागली. समता ओसरीवर बसली. ताक प्यायली. ओठावरच्या ताकाच्या मिशा पुसल्या. मग म्हणाली, "आता सांगा सगळं. शाळा उघडायले टाइम हाय."

जनकाबाईनं सांगितलं. जुनं लुगडं, नवी साडी, शालू. प्रत्येक वेळी पाणी जास्त. "म्हनून म्हनते पोरी, माह्यंच काही चुकलं असन. एकदा तं माय त्याच्या मांडवातबी घुसली होती, पन त्याचं तिनं ऐकलं. लगेच उतरली."

"मांडवात घुसली? महाराजांच्या?"

"हाव. दुसऱ्या लोंढ्याले. लोकं पादुकांकडं पाहून राह्यले होते, त्याईले दिसलं नाई. मले काय, कोनी बोलत नाई, दिवसभर पानीच पाह्यत बसते. त्याची चादर भिजाले लागली. मंग त्याचा धाकटा चेला खालच्या अंगाले गेला, काठावरचे दोन दोर सोडले, लुगडी वाहत्या पान्यात लांब झाली. घटकाभरात पानी मांडवातून भायेर."

समतानं तांब्या खाली ठेवला. "दोर सोडल्यावर उतरलं?"

"हाव."

"मग मावशी, तेव्हा कोनाचं पाप कमी झालं होतं?"

हा प्रश्न जनकाबाईच्या मनात आलाच नव्हता. येणार कसा? ती तर स्वतःचंच पाप शोधण्यात गुंतली होती.

शाळा सुटल्यावर समता तिला घेऊन शकूरभाईच्या शेतात गेली. शकूरभाईची विहीर वळणाच्या पलीकडं होती, आणि त्याच्याकडं महाराजांनी पदर मागितला नव्हता, त्यामुळं तो या भानगडीत तटस्थ होता. त्यानं मोटर सुरू केली, पाटाला पाणी सोडलं. समतानं पाटात तुराट्या रोवल्या, नुसत्या काड्या, दोन्ही कडांना आणि मधे. पाणी काड्यांच्या बाजूनं वाट काढून निघून गेलं.

"ही झाडांची खोडं. आता हे बघा." तिनं तुराट्या काढल्या आणि पानांसकट करंजाच्या डहाळ्या रोवल्या. पाणी वरच्या बाजूला बोटभर चढलं. पानं पाण्याच्या रेट्यानं मागं वळली, एकावर एक मिटली, आणि पाणी त्यांच्यावरून घसरत पुढं गेलं. "पानं पाण्याला अडवतात, पण जोर वाढला की वाकतात. वाट देतात. म्हणून चाळीस वर्षं ही झाडं असूनही तुमच्या दारात पाणी आलं नाही."

मग तिनं ओढणीच्या चिंध्या काढल्या. डहाळी ते डहाळी बांधल्या, खालच्या टोकाला खडे लावले. चिंध्या फुगल्या. त्यांना वाकता येईना, दबता येईना. वाहत आलेला पाचोळा त्यांच्यात अडकला, तशा त्या अजून फुगल्या. वरच्या बाजूचं पाणी चढत चढत पाटाच्या काठाशी आलं आणि काठ ओलांडून शकूरभाईच्या मिरच्यांत शिरलं.

"अरे, मेरी मिर्ची!" शकूरभाई धावला. फावड्यानं माती ओढता ओढता ओरडला, "मॅडम, मोटर तं तेवढीच चालू हाय! पानी वाढलं कुठून?"

"वाढलंच नाही, शकूरभाई. वरून जेवढं येते तेवढंच खाली जाते. फक्त आता रेंगाळत जाते. धाडच्या बाजारात गल्लीच्या तोंडाशी दोन हातगाड्या आडव्या लागल्या की मागं कशी माणसं दाटतात? तसं पाणी मागं दाटते आणि उंच होते. पादुका मागं आहेत. आणि त्यांच्याही मागं, सगळ्यात सखल जागेत, मावशींचं अंगण."

जनकाबाई पाटाच्या कडेला उकिडवी बसली होती. तिनं फुगलेल्या चिंधीला बोट लावलं. मग विचारलं, "म्हंजे माह्या शालूनंच माह्या चुलीत पानी घातलं?"

"एकट्या शालूनं नाही. सगळ्यांच्या लुगड्यांनी. पण त्यानंही."

"मी सगळ्यात जड दगड बांधला होता त्याले," जनकाबाई म्हणाली. आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग असा राग आला, की इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

घट बसायला दोन दिवस उरले असताना महाराजांनी पुन्हा जाहीर केलं, माय येणार. घाटावर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. पाणी आलं, चढलं, पादुका बुडाल्या. जयजयकार झाला. आणि तेवढ्यात वरून, वळणावरून, जनकाबाई गुडघाभर पाण्यातून आपल्या अंगणाबाहेर आली, हातात विळा, आणि सरळ गर्दीत घुसली. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, शिवेल म्हणून. तिच्यामागं समता होती.

"महाराज," समता मोठ्यानं म्हणाली, "तुमची लेक तुमच्या शब्दात आहे ना? मग खालचे दोर सोडून दाखवा. लुगड्यांशिवाय पादुकांना पाणी लागू द्या. मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."

महाराजांनी डोळे वटारले. "मास्तरीण! दोराले जो हात लावीन त्याचा निर्वंश होईन! घर बुडन!"

गर्दी दोन पावलं मागं सरली. जनकाबाई मात्र पुढं झाली.

"माह्यं घर तं बुडेलच हाय, महाराज. आनखी काय बुडवता?" ती म्हणाली. "त्या दोरावर माह्या लग्नाचा शालू हाय. मी दिला होता, मीच वापस घेते. मायले राग आला तं मले एकटीले नेईन. तुमाले काय, तुमी तं मले कधीचेच काढून राह्यले."

कुणीतरी "धरा तिले" म्हणालं, पण धरणार कोण? शिवायची तर भीती. ती खालच्या अंगाला गेली, काठावरच्या करंजाला बांधलेला पहिला दोर विळ्यानं कापला. मग दुसरा, मग तिसरा. सुटलेली टोकं समतानं वाहून जाऊ न देता पकडून ठेवली. पलीकडच्या काठावर शकूरभाई आधीच उभा होता, त्यानं तिकडचे दोर सोडायला घेतले, कापले नाहीत, गाठी सोडून हातात धरून ठेवले. फुगलेली लुगडी एकदम सैल पडली, काही दगड निखळले, पाचोळ्याचे गठ्ठे सुटून वाहत गेले आणि हिरवे पदर प्रवाहात सरळ लांब झाले.

सगळ्यांचे डोळे पादुकांवर. पाणी थांबलं. मग पायरीच्या कडेला ओली रेघ दिसली. बोटभर, चार बोटं, वीत. पादुका उघड्या पडल्या.

"माय रुसली!" महाराज गरजले. "पाहा, पाप्याच्या हातानं माय रुसली, चालली!"

"रुसली तर रुसली," समता म्हणाली. "शकूरभाई, ओढा परत! आता ती हसते का बघू."

शकूरभाईनं दोर ताणून झाडाला वेढे दिले. इकडं समतानं कापलेली टोकं गाठी मारून जोडली. लुगडी पुन्हा फुगली. आणि पाणी, कुणी मंत्र न म्हणता, कुणी हाक न मारता, आपलं मुकाट्यानं पुन्हा वर चढलं. पादुका बुडाल्या. मग पुन्हा दोर सोडले. पाणी उतरलं. कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं, आणि मग हसू घाटभर पसरलं. जो देव दोरीनं वर-खाली करता येतो त्याला हात जोडायचे म्हणजे रहाटाच्या बादलीलाही जोडायला हवेत!

नारायणराव हसले नाहीत. ते गुपचूप खालच्या अंगाला गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एक दोर ओढून पाहिला, सोडून पाहिला. मग परत आले.

जनकाबाई धाकट्या चेल्यासमोर उभी होती. "दुसऱ्या लोंढ्याले तुह्या महाराजाची चादर भिजली, तवा तू दोन दोर सोडले होते. मी पाह्यलं. कोनं सांगतलं होतं तुले?"

चेल्यानं महाराजांकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं. "महाराजांनीच," तो पुटपुटला. "मागच्या गावातबी असंच केलं होतं."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. महाराजांना मांडवासकट जीपमध्ये बसवून धाडच्या पोलिसांकडं पाठवलं. जाता जाता ते म्हणत होते, "बच्चा, माय पाहून राह्यली!" पण आता बच्चा ऐकायला तयार नव्हता.

पण गर्दी ती गर्दी! घटकाभरापूर्वी लोटांगण घालणारीच माणसं आता ओरडायला लागली, "ही झाडंच नोको! झाडंच पानी चढवतात! आना कुऱ्हाडी!" चार जण खरंच कुऱ्हाडी घेऊन आले. समता करंजाच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"आता झाडाला पापी ठरवता का?" ती चिडून म्हणाली. "ही झाडं काठाशी पाण्याची धाव कमी करतात, मुळांनी माती धरतात, म्हणून तुमचा काठ अजून आहे. ही तोडा, पुढच्या लोंढ्यात पाणी सुसाट येईल आणि नारायणरावांच्या मळ्याची माती घेऊन जाईल. झाड पाण्याला अडवतं, तसं वाटही देतं. तुम्ही त्याला कापड बांधून वाकूच दिलं नाही. दोष कापडाचा, दगडाचा आणि गाठ मारणाऱ्याचा. कुऱ्हाडी घरी न्या."

नारायणरावांनी एकाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, तेव्हा बाकीचे हळूहळू पांगले.

आता मंडळी, एक सांगतो आणि गप्प बसतो. महाराज गेला, पण दुसरा येईल. त्याच्याकडं पाणी नसेल, भस्म असेल, नारळ असेल, आणखी काही असेल. तेव्हा एवढंच करा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी जरा खालच्या अंगाला चार पावलं चालून जा. दोर कुठं बांधलेत ते बघा. ते सोडून बघा, पुन्हा बांधून बघा. जे खरं आहे ते तुमच्या बघण्यानं मरत नाही. आणि कुणी बोट दाखवून पापी म्हणालं, तर ज्याच्याकडं बोट आहे त्याच्या दारात आधी जा आणि विचारा, बाई, जेवलीस का?

संध्याकाळपर्यंत घाट मोकळा झाला. जनकाबाईच्या अंगणातलं पाणी उतरलं होतं, चिखल तेवढा राहिला होता. ती ओसरीच्या खाली शालू धूत बसली होती. जरीचे काठ काळे पडले होते, एका जागी दगडानं फाटलं होतं. पुष्पाबाई पुढच्या दारानं आली. उंबऱ्याशी घुटमळली, मग जवळ येऊन बसली. डोळ्यांतून पाणी.

"जनके, मले माफ कर वं. मी काय करू? नदीच तुह्या दारात येऊन राह्यली होती, आपल्या डोळ्यानं दिसे. मंग मलेबी खरं वाटलं."

जनकाबाईनं शालू बादलीत खळबळला.

"नदीचा मले राग नाई, पुष्पे," ती म्हणाली. "तिले काय समजते? तिले पाप माहीत नाई, पुण्य माहीत नाई. मी कोन हाय हेबी तिले माहीत नव्हतं. उतार दिसला तिकडं ती आली." मग तिनं मान वर करून पुष्पाबाईकडं बघितलं. "पन तू तं मले वळखत होती नं वं?"

शालू पिळायला दोन माणसं लागतात, म्हणून पुष्पाबाईनं एक टोक धरायला हात पुढं केला. जनकाबाईनं ते टोक तिच्या हातात दिलं नाही. एकटीनंच कसाबसा पिळला, दोरीवर घातला आणि पुष्पाबाई तिथंच बसलेली असताना ती आत जाऊन चूल सारवायला लागली.